लातोपेन शहराची हकिकत

मी एका शहरावर पुस्तक लिहिलं आहे. एकशे बारा पानं, मागे भलीमोठी संदर्भसूची आणि मलपृष्ठावर माझा फोटो. फोटोत मी हनुवटीला बोट लावून लांब कुठेतरी बघतोय. "साहेब, विचार करताय असं वाटलं पाहिजे," असं फोटोग्राफर म्हणाला होता. तसं वाटतंही. विचार मात्र तेवढ्या फोटोपुरताच झाला होता, हे कळायला पुढे अकरा वर्षं गेली.

ग्रंथालयाच्या पहिल्या मजल्यावर, लांबलचक बोळाच्या टोकाला नकाशांची खोली आहे. तिथे मी सव्वीस वर्षं काम करतो. खोलीत लोखंडी कपाटं आहेत, त्यांना रुंद आणि चार बोटं उंचीचे खण. खिडक्यांवर जाड पडदे, कारण उजेडानं जुने रंग विटतात. चहापाणी बाहेर बोळात, नकाशांपासून लांब. भारतीय उपखंडाचे युरोपात छापलेले तीनशे चाळीस नकाशे माझ्या ताब्यात आहेत. कुणी विचारलं, "हे सगळे कुणी काढले?" की माझी छाती फुगते आणि मी नको इतकं बोलतो.

खरं सांगायचं तर त्या नकाशेवाल्यांपैकी बहुतेकांनी हा प्रदेश डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. हजारो कोस लांब, आपल्या घरात शेकोटीजवळ बसून ते खलाशांच्या वह्या वाचायचे, व्यापाऱ्यांना खोदून खोदून विचारायचे, आणि उरलेलं शेजारच्या नकाशेवाल्याचं बघून काढायचे. त्यामुळे एकाचं द्वीपकल्प पोतडीसारखं फुगलेलं, तर दुसऱ्याचं गाजरासारखं निमुळतं. एकानं तर एका नदीला उगमाकडे वाहायला लावलंय. मी या लोकांना खूप हसायचो. लोकांना नकाशे दाखवताना माझा ठरलेला विनोद होता, "बिचारे न बघताच लिहीत होते!" आणि लोक हसायचे.

या तीनशे चाळीसांतला एक नकाशा माझा लाडका. तीनशे वर्षांपूर्वीचा. काढणारा डच होता आणि इतरांसारखा घरबशा नव्हता. किनाऱ्यावरच्या वखारीत त्यानं नऊ वर्षं काढली होती. त्याचा नकाशा दुसऱ्या देशातल्या प्रकाशकानं तांब्याच्या पत्र्यावर कोरून घेऊन छापला. किनारा भरगच्च, गावांची दाटी. पण मधोमध, दोन नद्यांच्या बेचक्यात, तळहाताएवढी जागा कोरी. आणि त्या कोऱ्या जागेत अगदी मध्यावर एक इवलंसं वर्तुळ, वर एक बुरूज, बाजूला नाव: लातोपेन.

त्याआधीच्या कुठल्याच नकाशात लातोपेन नाही. नंतरच्या सहा नकाशांत मात्र आहे. पहिल्यात एक बुरूज, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तटबंदी, आणि सहाव्यात तर 'मोठ्या बाजाराचं शहर' अशी बारीक अक्षरांत टीप. मी म्हटलं, सहा साक्षीदार! परीक्षेत सहा पोरांनी एकाच पेपरावरून उतरवलेलं उत्तर सारखं आलं, म्हणून उत्तर बरोबरच असणार, अशातला तो प्रकार. पण तेव्हा मला तसं सुचलं नाही. मला पुस्तक सुचलं.

ते शहर मी दोन शब्दप्रयोगांवर उभारलं: 'बहुधा' आणि 'शक्यता नाकारता येत नाही'. बहुधा तिथे तांब्याच्या भांड्यांचा व्यापार असावा. तिथे एक तलाव असण्याची शक्यता नाकारता येत नाही. चौथ्या प्रकरणात तर बाजाराचं असं वर्णन केलंय की वाचणाऱ्याला ठोकाठोकी ऐकू यावी. पुस्तक गाजलं, म्हणजे ज्या शे-दीडशे लोकांत अशी पुस्तकं गाजतात त्यांच्यात गाजलं. मला 'लातोपेनवाले' म्हणू लागले. मी वरवर संकोचायचो आणि आतून खूश व्हायचो.

यंदा संचालकबाईंनी ठरवलं की जुन्या नकाशांचं प्रदर्शन भरवायचं, मधोमध लातोपेनचा नकाशा ठेवायचा आणि उद्‌घाटनाचं भाषण मी करायचं. शुक्रवारी संध्याकाळी. पोस्टरं लागली. त्यांच्यावर बुरुजाचं चित्र हत्तीएवढं मोठं केलेलं.

आदल्या रविवारी दुपारी मी घरी भाषणाची तालीम केली. श्रोते हक्काचे होते: बायको, मुलगी, जावई आणि विहीणबाई. विहीणबाईंनी परदेशात, एका डच हॉस्पिटलमध्ये, तीस वर्षं नर्स म्हणून काढलेली. निवृत्त होऊन महिन्यापूर्वीच मुलाजवळ राहायला आलेल्या. त्या नकाशाबिकाशाच्या भानगडीत कधी पडल्या नव्हत्या. जेवण झालेलं, पंखा गरगरत होता, आणि माझ्या तिसऱ्या पानाला त्यांची मान कलली. मी मुळीच मनावर घेतलं नाही. मी आवाज चढवला आणि हात पसरून म्हणालो, "आणि मग, मंडळी, त्या अथांग रिकामेपणातून आपल्याला हाक ऐकू येते: लातोपेन!"

विहीणबाई दचकून जाग्या झाल्या. "ठेवलीय की उघडी!" म्हणाल्या.

"काय?"

"खिडकी हो. तुम्हीच म्हणालात ना, उघडी ठेवा म्हणून." मग भानावर येऊन त्या ओशाळल्या. "माफ करा हं व्याहीबुवा. झोपेत मला वाटलं, वॉर्डातच आहे. लात ओपेन म्हणजे उघडं ठेवा. मोकळं सोडा. आमच्या वॉर्डच्या खिडकीवर मीच कागद चिकटवला होता तसा."

जावई हसला. मुलगी हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. लेकी बापाला बरोबर ओळखतात.

"विहीणबाई," मी अगदी सौम्यपणे म्हणालो. समोरचा अडाणी असल्यावर विद्वान माणसं जितक्या सौम्यपणे बोलतात तितक्या सौम्यपणे. "तीनशे वर्षांपूर्वीची डच वेगळी होती. शिवाय हे विशेषनाम आहे."

"असेल बाई," त्या म्हणाल्या. "तुम्ही अभ्यास केलाय."

अभ्यास! मला डचचे दोनशे शब्द येत होते. त्यांतले दीडशे वाऱ्यांचे आणि जहाजाच्या भागांचे.

सोमवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी नकाशांच्या खोलीत गेलो आणि भिंग लावून बसलो. जे अकरा वर्षं दिसत होतं तेच दिसलं, पण आता ते माझ्याकडे बघून दात विचकत होतं. 'लात' आणि 'ओपेन' यांच्या मध्ये केसाएवढी फट. बाकी सगळ्या गावांची नावं उभ्या, ठसठशीत अक्षरांत. फक्त हेच तिरक्या, घाईच्या अक्षरांत, कुणीतरी हातानं खरडलेला शेरा जसाच्या तसा गिरवावा तसं. हे तिरकेपण माझ्या नजरेतून सुटलं होतं असं नाही. दुसऱ्या प्रकरणात मी त्यावर दीड पान लिहिलंय: 'ही तिरकी अक्षरे त्या नगराच्या विशेष दर्जाची निदर्शक होत.'

आता सगळ्यात लाजिरवाणं. नकाशेवाल्यानं आपल्या प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रांच्या नकला परदेशातल्या एका दफ्तरखान्यात आहेत. मी त्या मागवल्या होत्या. बेचाळीस पानं, अकरा वर्षांपूर्वीच आलेली. ती माझ्याच टेबलाच्या खालच्या खणात, 'निवांत वाचणे' असं लिहिलेल्या पाकिटात होती. माझ्या संदर्भसूचीत ती चौथ्या क्रमांकावर आहेत. मी ती वाचली असं मी कुठेही म्हटलेलं नाही, एवढाच काय तो माझा प्रामाणिकपणा.

दुपारी मी विहीणबाईंना फोन केला. "जरा एक कागद दाखवायचा होता," म्हणालो. रविवारचा सौम्यपणा आता आवाजातून पार गेला होता.

त्या आल्या. हात धुऊन, पुसून, चष्मा बदलून बसल्या. मी म्हटलं, "अक्षर फार वाईट आहे. लागलं नाही तर राहू द्या." मनातून मला ते लागायला नकोच होतं.

"तीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं वाचली मी," त्या म्हणाल्या. "हे तर छापल्यासारखं आहे."

जुनी वळणं ओळखायला त्यांना तासभर लागला. सतराव्या पानावर त्यांचं बोट थांबलं. ओठ हलले. मग त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की हॉस्पिटलात रिपोर्ट आल्यावर नातेवाइकांकडे त्या असंच बघत असणार, हे मला लगेच कळलं.

"वाचा," मी म्हणालो.

"'महाशय,'" त्या शब्द जुळवत सावकाश वाचू लागल्या, "'छापलेला नकाशा मिळाला. दोन नद्यांमधल्या जागेवर मी खर्ड्यात स्वच्छ लिहिलं होतं की मोकळं सोडा. तुमच्या कोरणाऱ्याला आमची भाषा येत नाही, हे मला ठाऊक होतं. त्याला डोकंही नाही हे ठाऊक नव्हतं. मी भोक ठेवायला सांगितलं तिथे त्यानं शहर बांधलंय. बुरूज त्याला कुणी दिला? त्या भागात गेलेला आणि ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा असा एकही माणूस मला नऊ वर्षांत भेटला नाही. म्हणून मी ती जागा कोरी ठेवली. ते सोपं नव्हतं, महाशय. लोकांना कोरी जागा आवडत नाही.'"

एखाद्यानं खुर्चीसकट लात घालावी तसं झालं मला. शहराच्या नावातच ती होती, हेही त्याच क्षणी लक्षात आलं.

कोरणाऱ्याचा मला राग आला नाही. त्याला भाषा येत नव्हती, समोर अक्षरं होती, त्यानं ती गिरवली आणि नाव आहे म्हणजे गाव असणार म्हणून एक बुरूज काढून दिला. एक. त्याच्या पुढच्या सहा जणांनी तट बांधला, बाजार भरवला. आणि सातवा मी, तलाव खणून मोकळा झालो होतो.

"विहीणबाई," मी म्हणालो, "हे शुक्रवारपर्यंत कुणाला..."

"मी नर्स होते," त्या चष्मा डबीत ठेवत म्हणाल्या. "पेशंटचं बाहेर बोलत नाही."

घरी बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "मग आता?" तिनं विचारलं. मी म्हटलं, एवढ्या तोंडावर पोस्टरं बदलता येणार नाहीत, संचालकबाईंची पंचाईत होईल, प्रदर्शन पार पडू दे, मग एखादा लेख लिहून सावकाश, टप्प्याटप्प्यानं...

"शहर टप्प्याटप्प्यानं पाडणार?" ती म्हणाली आणि पुढचा टॉवेल उचलला.

माझा बेत तसाच होता आणि तो तडीसही गेला असता. पण बुधवारी घड्याळजी आले.

घड्याळजी म्हणजे बसस्टॉपसमोरच्या छोट्या दुकानात घड्याळं दुरुस्त करणारे, सत्तरीचे, किडकिडीत गृहस्थ. त्यांचे आजोबा लहानपणी कुणालातरी रस्त्यात सापडलेले. घरात कुणालाच आपलं मूळ गाव माहीत नाही. आयुष्यभर प्रत्येक अर्जातल्या 'मूळ गाव' या रकान्यात त्यांनी आडवी रेघ मारली. मग माझं पुस्तक त्यांच्या हाती पडलं. आजोबा शेवटच्या तापात 'लाटू, लाटू' असं काहीतरी बडबडायचे, असं त्यांनी वडिलांकडून ऐकलं होतं. ठोकलेल्या भांड्यांचा बाजार, तलाव, सगळं त्यांच्या मनात नीट बसलं. त्यांनी रीतसर अर्ज केला, जाहिरात दिली आणि आडनाव बदलून घेतलं: लातोपेनकर. तेव्हा दुकानावरच्या नव्या पाटीचा फोटो घेऊन ते मला दाखवायला आले होते. मी त्यांना काय म्हणालो असेन? "शक्यता नाकारता येत नाही."

बुधवारी ते आमंत्रणपत्रिका घेऊन आले होते. "पुढच्या पाच खुर्च्या मिळतील का? नातवंडांना आणतोय. त्यांना एकदा आपलं गाव बघू दे."

मी हो म्हणालो. ते गेले. मी छत्री घेऊन त्यांच्या मागोमाग दुकानात गेलो. छत्रीची काही गरज नव्हती. हातात काहीतरी असावं असं वाटलं.

ते डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळात वाकले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. न थांबता. कुठेही 'बहुधा' न घालता. सांगून झालं तरी त्यांनी मान वर केली नाही. चिमट्यानं एक स्क्रू उचलला, जागेवर बसवला, घट्ट केला.

"म्हणजे आम्ही मोकळीजागाकर," ते म्हणाले.

मी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

"आणि तो बाजार? भांडी ठोकणारे? ते कुठून आणलंत?"

"आमच्या शाळेच्या मागे गल्ली होती. तिथे तांबटांची दुकानं होती. लहानपणी मी तिथे जाऊन बसायचो. तेच लिहिलं."

"तुमची गल्ली आम्हाला गाव म्हणून दिलीत."

"हो."

"तुम्हाला दोन गावं झाली," ते म्हणाले, "आणि आम्हाला परत रेघ." मग डोळ्याचं भिंग काढून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मला काम आहे. या आता."

मी आलो. तिथून थेट संचालकबाईंच्या खोलीत गेलो. त्यांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "पोस्टरं लागलीत हो!"

"पोस्टरवर शहर आहे, हे खरंच आहे. भाषणात ते नाही, एवढंच."

त्या म्हणाल्या, "निदान विनोदी तरी करा."

करावं लागलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी सभागृह भरलेलं. मी तालमीतली आठ पानं खिशातच ठेवली आणि जे झालं ते सांगितलं. विहीणबाईंची झोप, सहा साक्षीदार, तिरकी अक्षरं, खालच्या खणातलं पाकीट. पाकिटाला लोक इतके हसले की मला पाणी प्यायला वेळ मिळाला. सगळे हसत होते. पहिल्या रांगेतल्या पाच खुर्च्या तेवढ्या रिकाम्या होत्या. माझी नजर फिरून फिरून तिथेच जात होती. शेवटी मी ते पत्र वाचून दाखवलं. 'लोकांना कोरी जागा आवडत नाही' या वाक्याशी हसू थांबलं.

नंतर एका कॉलेजच्या मुलीनं हात वर केला. "सर, मग त्या जागेवर तेव्हा खरं काय होतं?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. बहुधा झाडी, काही वस्त्या. ते कुठून आलं देव जाणे; सव्वीस वर्षांची सवय. ते मी गिळलं. "माहीत नाही," म्हणालो. मागच्या रांगेत बायको ताठ बसली. तिच्यासमोर हे दोन शब्द मी लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच उच्चारले, असं तिनं घरी जाताना सांगितलं.

पंधरा दिवस मी घड्याळजींच्या दुकानावरून जाताना पलीकडच्या फुटपाथनं गेलो. सोळाव्या दिवशी त्यांचा फोन आला.

"वकिलाला विचारलं," ते कसलीही प्रस्तावना न करता म्हणाले. "आडनाव पुन्हा बदलायचं तर सगळे कागद पहिल्यापासून. शिवाय धाकट्या नातवानं घरात ऐकलं ते सगळं. तो वर्गात सांगत सुटलाय की आमचं गाव नकाशात चुकून आलंय, तुमच्यासारखं साधं नाही. राहू दे म्हटलं."

"मी फार..."

"ते राहू द्या. तुमचं हातातलं घड्याळ त्या बुधवारी चार मिनिटं मागे होतं. घेऊन या." आणि त्यांनी फोन ठेवला. मी घेऊन गेलो. त्यांनी ते दुरुस्त केलं आणि माझ्याशी एक अक्षरही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात मी ते पुन्हा घेऊन गेलो, ते बरोबर चालत असूनही. त्यांना ते कळलं, पण त्यांनी उघडून बघितलं.

आता दर मंगळवारी विहीणबाई नकाशांच्या खोलीत येतात. सतरा पानांनंतरची पंचवीस पानं आम्ही सावकाश लावतोय. त्या वाचतात, मी लिहून घेतो, आणि शब्दांवरून भांडणं होतात. वाऱ्यांच्या नावांत मी जिंकतो, बाकी सगळीकडे त्या. त्या नकाशेवाल्याची आता मला ओळख पटायला लागलीय. सांधेदुखीनं हैराण झालेला, तिरसट, भावजयीशी न पटणारा, जरा काही चुकलं की रात्रभर तळमळणारा माणूस. त्यानं एवढं जपून काम केलं, याचं मला फार कौतुक वाटायचं. मी तसं बोलूनही दाखवलं.

गेल्या मंगळवारी विहीणबाई एकतिसाव्या पानावर होत्या. वाचता वाचता त्या खुदकन हसल्या.

"काय झालं?"

"इथे ते कबुली देतायत. दक्षिणेकडची ती मोठी खाडी आहे ना, आत वळलेली? ती त्यांनी पाहिलीच नव्हती म्हणे. एका दारू प्यालेल्या खलाशानं सांगितली आणि त्यांनी काढली. आता लाज वाटते, पण पत्रा कोरून झालाय."

मी पेन खाली ठेवलं.

"त्या खाडीबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नऊ पानी लेख आहे. त्याला बक्षीस मिळालंय."

विहीणबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा लावला आणि पानावर बोट ठेवून माझी वाट बघत राहिल्या. "वाचू पुढे?"

"थांबा जरा," मी म्हटलं आणि उठलो. "आधी बोळात जाऊन चहा घेऊ."